दोनशे बारा मिलिसिव्हर्ट

मंगळवारी सकाळी साडेदहाला प्रयोगशाळेचा ईमेल आला. सुलक्षणा फराटेनं तो उभ्याउभ्याच उघडला आणि वाचता वाचता खाली बसली.

शिरूरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उसाच्या रानांत उभ्या असलेल्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ती मेडिकल फिजिसिस्ट होती. गावाकडची माणसं तिला डॉक्टर समजायची. ती डॉक्टर नव्हती. एक्स-रे आणि सीटी स्कॅनची यंत्रं तपासायची, पेशंटला गरजेपेक्षा जास्त किरण बसू द्यायचे नाहीत, आणि त्या खोल्यांत दिवसभर राबणाऱ्या माणसांच्या अंगावर किती किरण पडतात ते बघायचं, हे तिचं काम.

त्यासाठी प्रत्येकाच्या छातीला एक बॅज असे. काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा होल्डर, वर नावाची चिठ्ठी, आत कागदात गुंडाळलेली पत्र्याची पट्टी. होल्डर वर्षानुवर्षं तेच. आतली पट्टी दर तीन महिन्यांनी बदलायची आणि जुनी प्रयोगशाळेत पाठवायची. पट्टीनं झेललेल्या किरणांचा आकडा तिथून येई.

जानेवारी ते मार्चचे आकडे आले होते. सोनम, शून्य पॉइंट पाच. बन्सी कोळपे, शून्य पॉइंट एक. सुलक्षणाचा स्वतःचा शून्य. आणि अनिता कोळपे, दोनशे बारा मिलिसिव्हर्ट.

सुलक्षणानं आकड्यावर बोट ठेवलं. पॉइंट कुठं राहून गेलाय का? नव्हता राहिला. वर्षाकाठी वीसपर्यंत चालतं. हे तीन महिन्यांत दोनशे बारा.

आणि अनिताला पाचवा महिना लागला होता. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच दिवस राहिले होते. गर्भाला शंभराच्या पुढं डोस गेला, तर धोका नाही असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि हे तीन महिने म्हणजे नेमके त्या बाळाचे पहिले आठवडे.

ती जिना उतरून खाली आली तोवर बातमी तिच्याआधी पोहोचली होती. ईमेलची प्रत विभागप्रमुखांना गेली होती, तिथून क्लार्कला, क्लार्ककडून सगळ्यांना. नोंदणीच्या खिडकीत अनिताची खुर्ची रिकामी होती.

"मॅडम, सर बोलावतायत," कुणीतरी म्हणालं.

विभागप्रमुख डॉ. पृथ्वीराज यांनी तिला बसा म्हटलं नाही.

"सुलक्षणा मॅडम, जूनमध्ये कॉलेजची तपासणी आहे. हे प्रकरण वाढायला नको. लिहून टाका, बॅज मशीनजवळ विसरला होता. माणसाला काही झालेलं नाही."

"विसरला होता का सर?"

"विसरलाच असणार."

"असणार म्हणून सही कशी करू? स्त्रीरोगच्या मॅडमनी लेखी मागितलंय. डोस अंगावर पडला की नुसत्या बॅजवर, एवढंच त्यांना हवंय. त्यावर सगळं अवलंबून आहे."

"मग शोधा. पण लवकर."

एवढं तरी बरोबर बोलले, असं तिला वाटलं.

अनिता स्टाफ रूममध्ये बसली होती. एका बाजूला सासू गिताबाई, दुसऱ्या बाजूला चुलतसासरे बन्सी. बन्सी कोळपे म्हणजे या विभागातला सगळ्यात जुना टेक्निशियन. डार्करूमच्या काळापासूनचा. सगळे त्याला आप्पा म्हणायचे. अनितानं टेक्निशियनचा कोर्स करावा म्हणून घरात भांडला तोच, आणि तिला इथं घेऊन आला तोही तोच. नवरा माऊली रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला गेलेला.

"शुक्रवारी पुण्याला जायाचं ठरलंय," गिताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "पोट मोकळं करून आणायचं. भावजी म्हणत्यात, पोर अधू व्हईल."

"मी बघितलंय मॅडम, त्ये मशीन काय करतंय ते," बन्सी म्हणाला. "जीव घुसमटतो माझा. पर काळजावर दगड ठेवायला पायजे."

"शुक्रवारपर्यंत थांबा. मला तीन दिवस द्या," सुलक्षणा म्हणाली. "अनिता, तुला काय वाटतं?"

अनितानं मान वर केली. "मला कुणी इचारलंच न्हाई मॅडम."

गिताबाईंनी तोंड फिरवलं.

सुलक्षणानं बाकीच्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि वही काढली.

"बॅज कधी घरी नेला होतास?"

"न्हाई. कवाच न्हाई."

"एप्रनला लावलेला राहिला, आणि एप्रन खोलीत?"

"एप्रन अडकवायच्या आधी बॅज काढते. बोर्डावर टांगते. तुम्हीच शिकवलंय."

"दिवस राहिल्याचं मला कधी सांगितलंस?"

"सव्वीस फेब्रुवारीला. सत्तावीसपासून तुम्ही मला खिडकीवर बसवलं. खोलीत पाय ठेवला न्हाई."

"आणि त्यानंतर बॅज?"

"लावत व्हते की. खिडकीवर बी. सकाळी नऊला लावायचा, पाचला बोर्डावर ठेवून घरी जायाचं." ती थांबली. "मॅडम, त्ये पोटात हलाय लागलंय. कालपासनं."

सुलक्षणानं वही मिटली.

बोर्ड कॉरिडॉरमध्ये होता. येणाऱ्याजाणाऱ्या कुणाचाही हात पोहोचेल असा. संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ अनिताचा बॅज तिथं टांगलेला. म्हणजे कुणीही काढावा, किरणांखाली धरावा आणि परत टांगावा.

पण कुणी? आणि कशासाठी?

दुपारी तिनं प्रयोगशाळेत फोन लावला. पट्ट्या वाचणाऱ्या मोनिका मॅडम ओळखीच्या होत्या.

"पट्टीवर तीन चकत्या असतात ना," त्या म्हणाल्या, "तिन्हींचे आकडे ताडून किरण कसले होते ते कळतं. हे सीटीचे नाहीत. साध्या एक्स-रेचे आहेत, साधारण ऐंशी केव्हीच्या ताकदीचे. थेट पडलेत. मध्ये शिसं नाही."

"म्हणजे शिशाच्या एप्रनखाली बॅज असता तर असं दिसलं नसतं?"

"अजिबात नाही. पण एप्रन न घालता बाई समोर उभी राहिली असेल, तर असंच दिसेल. बॅजमागं माणूस होता की नव्हता ते पट्टी सांगत नाही हो."

नेमकं तेच हवं होतं, आणि तेच मिळत नव्हतं.

घरी आल्यावर तिच्या हाताला काम सुचेना. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भात करपला.

बुधवारी तिनं सोनमला बोलावलं. सोनम अनिताच्याच वयाची, सणसवाडीहून ये-जा करणारी. मार्चमध्ये दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं, हे सगळ्या विभागाला माहीत होतं.

"भांडण कशावरून झालं?"

"ती खिडकीवर गेली, तिची अर्धी ड्यूटी माझ्या डोक्यावर आली. बोलले मी तिला. चिडले होते." सोनमचे डोळे भरले. "पण मॅडम, तेवढ्यासाठी कुणी असं करंल का? मलाही मुलगी हाय."

"मार्चमध्ये एखाद्या खोलीत काही वेगळं दिसलं? काहीही. बारीकसारीक सांग."

सोनमनं बोटांवर दिवस मोजले. "पाडव्याला माझी ड्यूटी लावली होती. सणाच्या दिवशी. ओपीडी बंद, सगळीकडं शुकशुकाट. आठला आले, पहिलाच पेशंट तीन नंबरला घेतला, तर मशीन फायरच होईना. ट्यूब गरम हाय, थांबा, असं लिहून येत होतं. सकाळी आठला गरम कशी, म्हटलं."

"आधी कुणी पेशंट घेतला होता?"

"रजिस्टरला एकपण नव्हता. खोली मात्र उघडी होती. आप्पा वॉर्डात एक्स-रे काढायला गेले होते."

तीन नंबरची खोली. सुलक्षणाला त्या खोलीचं नाव काढलं तरी बोचायचं. डिसेंबरमध्ये तिनं तिथलं जुनं मशीन मोजलं, तेव्हा ट्यूबच्या कवचातून किरण गळत होते. मर्यादेपेक्षा जास्त. तिनं मशीन बंद करा असं पत्र डॉ. पृथ्वीराजांना दिलं. "जूनच्या तपासणीनंतर बघू," असं उत्तर आलं. मशीन चालूच राहिलं. आणि तिनं दुसरं पत्र दिलं नाही.

बन्सी तिला त्याच खोलीत भेटला. टेबल पुसत होता. त्याच्या खिशाला बॅज लटकत होता. होल्डरची चाप कधीच मोडलेली, म्हणून त्यानं मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार गुंडाळून आकडा केला होता. नवा होल्डर घ्या म्हटलं तर ऐकायचा नाही.

"आप्पा, ही खोली सकाळी कोण उघडतं?"

"मीच. सातला."

"अनिताचा बॅज बोर्डावरून कुणी काढताना पाहिलंत?"

"न्हाई. आन् मॅडम, बॅजचं काय घिऊन बसलाय? मशीन गळतंय. तुम्हीच मोजलंय."

"गळतंय. पण गळतीनं दोनशे बारा व्हायला पट्टी वर्षानुवर्षं इथं उभी करावी लागेल. या तिमाहीत अनिता इथं दोन महिनेपण नव्हती."

"मोजमाप तुमचं. मला दिसतंय त्ये मी बोलतो." त्यानं फडकं पिळलं. मग पाठमोराच विचारलं, "माझं किती आलं?"

"शून्य पॉइंट एक."

फडकं हातातच राहिलं. "किती?"

"पॉइंट एक."

"पट्टी खराब निघाली असंल."

"खराब असती तर त्यांनी कळवलं असतं. का हो आप्पा?"

"काय न्हाई. आपलं उगं इचारलं," म्हणून तो बादली उचलून बाहेर गेला.

सुलक्षणा तिथंच उभी राहिली. गेली चार वर्षं ती हे आकडे बघत होती. कमी आला म्हणून तोंड उतरलेला माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला.

गुरुवारी सकाळी ती सातला आली. तीन नंबरचं मशीन जुनं असलं तरी त्याला दोन वर्षांपूर्वी डिजिटल प्लेट बसवली होती. फसलेले, पुसून टाकलेले फोटो त्याच्या संगणकात रिजेक्ट नावाच्या कप्प्यात साठ दिवस राहत आणि मग आपोआप नाहीसे होत. किती फोटो फुकट जातात ते ती महिन्याला मोजायची. मार्चचे तिनं नुसते मोजले होते. उघडून पाहिले नव्हते.

पाडवा एकोणीस मार्चला होता. छप्पन्न दिवस झाले होते.

तिनं तारीख टाकली. सव्वीस फोटो. पहिला सात बाराला, शेवटचा सात एक्केचाळीसला. पेशंटचं नाव, टेस्ट. प्रत्येकाला ऐंशी केव्ही.

तिनं पहिला उघडला.

काळ्याकुट्ट चौकोनाच्या मधोमध काडेपेटीएवढी पांढुरकी आकृती. पत्र्याची पट्टी, तिच्यावर तीन गोल. एक बॅज. त्याच्या भोवती काहीच नव्हतं. बरगडी नाही, बोट नाही, कापडाची सुरकुती नाही. पंचवीस मिनिटांहून जास्त वेळ कुणीतरी एक बॅज रिकाम्या टेबलावर ठेवून त्यावर किरण मारत होतं.

तिनं आपलं मोजमापाचं यंत्र त्याच जागी ठेवलं, तेच आकडे लावले आणि दाराबाहेर जाऊन बटण दाबलं. एका वेळेला साधारण आठ मिलिसिव्हर्ट. आठ गुणिले सव्वीस, दोनशे आठ.

तिला हसू आलं, आणि लगेच ओसरलं. कारण फोटो मोठा केल्यावर बॅजच्या वरच्या टोकाला तिला पांढरी, ठसठशीत, वेटोळी तार दिसली.

तो होल्डर बन्सीचा होता.

मग आकडा अनिताच्या नावावर का आला?

पट्टीच्या कडेला बारीक भोकं असतात. प्रयोगशाळेतलं यंत्र त्या भोकांवरून पट्टीचा नंबर वाचतं. भोकं फोटोतही स्वच्छ दिसत होती. तिनं भोकांच्या नंबरांचा तक्ता समोर ठेवून ती एकदा मोजली, दोनदा मोजली. मग उठून पाणी प्यायली आणि तिसऱ्यांदा मोजली. शेवटचे दोन अंक, सहा आणि आठ. यादीत अडुसष्ट नंबर कोळपे ए. अनिता. एकोणसत्तर, कोळपे बी. बन्सी.

बन्सीच्या होल्डरमध्ये अनिताची पट्टी.

तिनं कपाटातून पट्ट्यांचं रजिस्टर काढलं. त्या तिमाहीच्या पानावर तारीख होती एक जानेवारी. पट्ट्या भरल्याची वेळ, सायंकाळी पाच. खाली सही. सही बघताना तिचे कान तापले.

तिनं रजिस्टर मिटलं. मागच्या वर्षाचे आकडे काढून ते अनिता आणि बन्सीच्या नावांपुढं लिहिले. मग डॉ. पृथ्वीराजांना फोन केला.

"सर, चार वाजता सेमिनार रूममध्ये या. अनिताच्या घरच्यांनाही बोलावते."

चारला सगळे जमले. माऊली कंपनीच्या ड्रेसवरच आला होता. अनिता त्याच्या शेजारी, गिताबाई पदर तोंडाला लावून. सोनम दाराशी. बन्सी खिडकीजवळ उभा. डॉ. पृथ्वीराज घड्याळ बघत.

सुलक्षणानं भिंतीवर फोटो लावला.

"अनिता, आधी तुझं सांगते. हे दोनशे बारा तुझ्या अंगावर पडलेले नाहीत. हा तो फोटो. एकोणीस मार्च, पाडव्याची सकाळ. टेबलावर नुसता बॅज आहे. त्यावर सव्वीस वेळा किरण मारले. मी आज मोजून पाहिलं, सव्वीस वेळचे दोनशे आठ होतात. आकडा इथंच संपला. त्या दिवशी तू कुठं होतीस?"

"घरी," माऊलीच बोलला. "गुढी उभी केली आमी दोघांनी."

"म्हंजी पोर नीट हाय?" गिताबाईंनी विचारलं.

"किरणांमुळं त्याला काहीही झालेलं नाही."

अनितानं डोळे मिटून घेतले.

"पण हे केलं कुणी?" माऊली उठून उभा राहिला. "माझ्या बायकोचा बॅज कुणी ठेवला तिथं?"

"तिचा बॅज कुणीच ठेवला नाही," सुलक्षणा म्हणाली. "ज्यानं ठेवला, त्यानं बन्सी आप्पांचा बॅज ठेवला. ही तार बघा."

सगळ्यांचे डोळे बन्सीच्या खिशाकडं गेले. तार तिथं लोंबत होती.

"आणि आतली पट्टी अनिताची. भोकांवरून नंबर जुळतो. होल्डर आप्पांचा, पट्टी अनिताची. हे दोन एकत्र आले कसे? पट्ट्या होल्डरमध्ये भरायचं काम या रुग्णालयात एकच माणूस करतो." तिनं रजिस्टरमधली सही दाखवली. "मी. एक जानेवारीला कोरेगाव भीमाला गर्दी होती, नगर रस्ता वळवलेला. मी पुण्याहून चौफुल्यावरून फिरून आले. साडेचारला पोहोचले आणि घाईघाईत पट्ट्या भरल्या. कोळपे ए आणि कोळपे बी. पाकिटात एकापाठोपाठ एक. मी त्यांची अदलाबदल केली. ती चूक माझी आहे. माझ्या अहवालात ती पहिल्या ओळीत असेल."

डॉ. पृथ्वीराज घड्याळ बघायचे थांबले.

"अदलाबदल झाली कशावरून?" त्यांनी विचारलं. "नुसता एक फोटो?"

"आकड्यांवरून, सर. आप्पा रोज तीन नंबरला असतात, वॉर्डातही जातात. मागच्या चार तिमाहींत त्यांचा डोस कधीच पॉइंट सहाच्या खाली आला नव्हता. या वेळी पॉइंट एक. सत्तावीस फेब्रुवारीपासून खिडकीवर बसलेल्या बाईचा येईल तेवढा. कारण आप्पांच्या नावाची पट्टी तीन महिने अनिताच्या छातीवर होती. अनिता, तुझा खरा डोस तोच. पॉइंट एक. नुसता अंदाज नव्हे. मोजलेला आहे."

"म्हणजे आप्पांना कुणीतरी अडकवायला बघत होतं?" सोनम म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं असतं. पण काल मी आप्पांना त्यांचा आकडा सांगितला. पॉइंट एक. कुणालाही बरं वाटलं असतं. आप्पांचं तोंड उतरलं. पट्टी खराब निघाली असेल, म्हणाले." ती बन्सीकडं वळली. "तुम्हाला मोठा आकडा यायला हवा होता. हो ना आप्पा? पाडव्याला सातला खोली तुम्हीच उघडलीत."

बन्सीनं खिडकीचा गज घट्ट धरला.

"व्हय," तो म्हणाला. "म्याच केलं."

माऊली पुढं झाला. अनितानं त्याचा हात धरला.

"डिसेंबरात मॅडमनी मोजलं तवा मी तिथंच व्हतो," बन्सी सांगू लागला. "मशीन गळतंय. पत्र गेलं. काय झालं? काय न्हाई. रोज शंभर माणसं त्याच्याखाली निजवायची. अनिता बी तिथंच उभी ऱ्हायची. साहेबांना मी दोनदा बोललो. जून, जून. मग म्हटलं, एकाचा तरी आकडा फुगला म्हंजी वरनं माणसं येत्याल, कुलूप लावत्याल. दुसऱ्याच्या बॅजला हात लावायचा न्हाई. आपलाच ठेवायचा. मला काय, दोन वर्षांत रिटायर."

"आणि मंगळवारी आकडा आला," सुलक्षणा म्हणाली, "तर तुमचा पॉइंट एक, आणि अनिताचा दोनशे बारा."

"मला वाटलं, माझा डाव फसला. आन् मशीननं खरंच आमच्या पोरीला जाळलं." त्याचा आवाज फुटला. "आईशपथ मॅडम, मला ठावं न्हवतं, त्ये माझंच हाय म्हणून. मीच वयनींना म्हटलं, पुण्याला न्या. मीच म्हटलं."

गिताबाईंनी पदरात तोंड खुपसलं.

"निलंबनाचं पत्र आजच काढतो," डॉ. पृथ्वीराज म्हणाले.

"काढा सर. त्यांनी केलं ते चूकच आहे. त्यांच्या स्वतःच्या अंगावर तीन महिन्यांत किती पडलं, ते आता त्या दोनशे बाराखाली कायमचं झाकलं गेलं. पण अहवालात माझी अदलाबदल असेल, माझं डिसेंबरचं पत्र असेल आणि त्यावरचं तुमचं उत्तरही. तो संध्याकाळी किरणसुरक्षेच्या सरकारी नियामकांकडे जाईल. तीन नंबर मी आत्ता बंद करतेय."

"तुम्हाला तो अधिकार नाही."

"मशीन धोक्याचं असेल तर आहे सर. डिसेंबरमध्येही होता."

हे बोलून झाल्यावर तिला कळलं, की ते आपण स्वतःलाच सुनावलं.

अनिता उठून तिच्यासमोर आली. "तुम्ही तवाच कुलूप लावलं असतं, तर आप्पांनी हे केलं असतं का मॅडम?"

"नाही."

"एक पत्र देऊन गप बसलात."

"हो. गप्प बसले."

अनितानं मान हलवली. "मला कागद द्या. सही-शिक्क्याचा. पॉइंट एक म्हणून लिवलेला."

सुलक्षणानं तिथंच कागद लिहिला. अनितानं तो दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि सासूकडं वळून म्हणाली, "उद्या आपण कुठंच जात न्हाई, आत्या." गिताबाईंनी तिच्या दंडाला धरून तिला जवळ ओढलं.

तीन नंबरच्या बाहेर सात-आठ माणसं बसली होती. सुलक्षणानं आत जाऊन मेन स्विच पाडला, बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं आणि बंद असल्याचा कागद चिकटवला.

"आता गं बया," व्हीलचेअरवरची म्हातारी म्हणाली. सारजाबाई तिचं नाव, खुब्याचा एक्स-रे काढायला न्हावऱ्याहून आलेली. "सकाळधरनं बसलीया. आता आमी कुठं जायाचं?"

"एक नंबरला, आजी. पलीकडच्या इमारतीत."

बन्सी मागून आला होता. सवयीनं त्याचा हात व्हीलचेअरच्या दांड्यावर गेला, आणि तिथंच थबकला. त्यानं हात मागं घेतला. सगळा कॉरिडॉर त्याच्याकडं बघत होता. माऊली त्याच्याकडं न बघता दाराकडं चालू लागला.

अनिता मात्र थांबली. तिनं चुलतसासऱ्याकडं बराच वेळ पाहिलं. राग होता, आणि तो इतक्यात जाणार नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"ढकला की आप्पा," ती म्हणाली. "आजी खोळंबल्यात."